मढवींचे तात्पुरते दात

मढवी,

तुम्ही फोन उचलत नाही. रतनने उचलला तर ती म्हणते, "ते बाहेर गेलेत," आणि मागून तुमचंच खाकरणं ऐकू येतं. म्हणून हे पत्र. रतन ते मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, आणि तुम्ही उठून जाऊ नये म्हणून आधी दाराला कडी घालणार आहे. तसं तिनं मला कबूल केलंय.

तुम्हाला समोर बसवून सुनावण्यात काही राम नाही, हे मला आता कळलंय. मी बोलायला लागले की तुम्ही मान डोलावता, "बाय, तुमी बोलता ते बरोबर हाय," म्हणता, आणि घरी जाऊन करता मात्र स्वतःच्याच मनाचं. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती? तेव्हा आता तुमचीच गोष्ट दुसऱ्या कुणाची असावी तशी सांगते. तीत तुम्ही मढवी, आणि मी, तुमच्या गावात म्हणतात तशी, डॉक्टरीणबाई. मध्ये बोलायचं नाही.

तर, दगडू मढवी शीळफाट्याजवळच्या एका आगरी गावातले. त्यांच्या वडिलांची भातशेती जिथे होती तिथे आता इमारती आहेत, आणि त्या इमारतींच्या गच्च्यांवर लग्नं होतात, त्या लग्नांत मढवी क्लॅरिनेट वाजवतात. याचं त्यांना वाईट वाटत असेल असं कुणाला वाटलं तर ते चूक आहे. "शेतात कोन ऐकत होता?" असं ते म्हणतात.

तरुणपणी ते डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते. दिवसभर रंगाची पिंपं ढवळायची, संध्याकाळी हात घासूनपुसून बँडचा लाल कोट चढवायचा. हात कधीच पुरते साफ व्हायचे नाहीत. कधी निळे, कधी जांभळे. त्यामुळे डाग या गोष्टीला डाग म्हणायची सवयच त्यांना लागली नाही.

वाजवायला शिकले ते कल्याणच्या एका बँडमास्तराकडे. पण त्यांची खरी गुरू म्हणजे त्यांची बायको, रतन. रतन धवलारीण आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पुढचा एकेक विधी बायकांच्या गाण्यांवर चालतो. ती गाणी म्हणजे धवले, आणि ती गाणारी म्हातारी-कोतारी जाणती बाई म्हणजे धवलारीण. भटजीला उशीर झाला तर लोक थांबतात. धवलारणीला उशीर झाला तर लोक तिला आणायला गाडी पाठवतात. रतनचा धवला मढवींनी घरात बसून क्लॅरिनेटवर उतरवला. ती एक ओळ गाते, ते तीच ओळ वाजवतात, आणि मांडवातल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. हे दुसऱ्या कुठल्याही बँडवाल्याला येत नाही.

आणि हेच मढवींच्या पोटाचं आणि मानाचं साधन होतं. बाकीची वाजपी मंडळी बँडच्या मालकानं एकेक करून कमी केली होती आणि त्यांच्या जागी आपल्या पुतण्याला, हर्षितला, कीबोर्ड घेऊन उभं केलं होतं. कीबोर्डवर सगळं वाजतं. फक्त धवला वाजत नाही; वाजतो, पण बायका हसतात. म्हणून मढवी टिकून होते. एक लग्नसराई चुकली असती तर मालकानं त्यांचा कोट दुसऱ्या कुणाला घातला असता, हे त्यांना माहीत होतं, रतनला माहीत होतं आणि मालकाला तर होतंच.

गेल्या साली तुळशीचं लग्न होऊन सराई सुरू झाली आणि पहिल्याच मोठ्या हळदीत नवऱ्यामुलाच्या मामानं घात केला. मामा शर्ट काढून नाचत होता. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले. गिरकी घेताना त्याचं कोपर क्लॅरिनेटच्या खालच्या तोंडावर आदळलं, आणि वरचं टोक, म्हणजे ओठांत धरतात ते माउथपीस, मढवींच्या तोंडात घुसलं. समोरचे वरचे दोन दात गेले. मामाला पत्ताच नाही, तो नाचतच राहिला. मांडवातल्या बायकांनी मढवींना खाली बसवलं आणि जवळ परातीत होती ती हळद मूठभर त्यांच्या तोंडात भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डॉक्टरीणबाईंच्या दारात उभे होते. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्यावर, पहिल्या मजल्यावरचा दवाखाना. डॉक्टरीणबाई कॉलेजात दात बसवायचं शास्त्र शिकवून शिकवून निवृत्त झालेल्या, आता फक्त सकाळी पेशंट बघतात. त्यांनी मढवींचं तोंड उघडलं आणि त्यांना आधी नुसतं पिवळं दिसलं.

"हे कुणी भरलं?"

"बायांनी. रगत थांबतं."

"रक्त थांबलं, पण मला आता तुमच्या तोंडात खोदकाम करायला लागणार आहे. आ करा."

तासाभरानं हळद निघाली आणि स्थिती स्पष्ट झाली. दोन दात मुळासकट गेलेले. आता तिथे ब्रिज बसवायचा, म्हणजे दोन्ही बाजूंचे शेजारचे दात घासून लहान करायचे, त्यांचे खुंट करायचे आणि त्या खुंटांवर चार दातांची एक सलग पट्टी बसवायची. पण हिरडी भरून यायला काही महिने लागतात. तोवर कायमचा ब्रिज बसवून उपयोग नाही. तोवर तात्पुरता. घासलेले खुंट उघडे ठेवले तर ते किडतात, ठणकतात, मोडतात. तात्पुरता ब्रिज हा दिसायला असतो असं लोकांना वाटतं. तो असतो त्या खुंटांचं रक्षण करायला. हे डॉक्टरीणबाईंनी मढवींना आरसा हातात देऊन, चित्र काढून, पुन्हा एकदा सांगितलं. मढवींनी मान डोलावली.

आता योग असा, की त्याच सुमारास डॉक्टरीणबाई तात्पुरत्या ब्रिजच्या नव्या नव्या मटेरियलच्या मागे लागल्या होत्या. कल्याण-डोंबिवलीच्या दातांच्या डॉक्टरांचं एक मंडळ आहे. त्यांनी बाईंना सांगितलं, मॅडम, बाजारात इतकी नवी मटेरियल आली आहेत, कंपन्या एकेकाचे पोवाडे गातात, तुम्ही तपासून आम्हाला सांगा, आपल्याकडे खरं टिकतं काय. बाईंना कुणी "तपासून सांगा" म्हटलं की त्यांच्या अंगात येतं.

कंपनीचा एक टायवाला माहितीपत्रक घेऊन आला होता. कॉफीत बुडवून पाहिलं, रेड वाइनमध्ये बुडवून पाहिलं, रंग बदलला नाही, असं त्यात छापलं होतं.

"रेड वाइन?" बाई म्हणाल्या. "अहो, माझा पेशंट वालाचं बिरडं खातो, मटणाचा रस्सा ओरपतो, वर चहा पितो आणि त्यावर तंबाखू मळतो. हळदीत बुडवलंत का?"

"मॅम, हळद टेस्टिंगच्या प्रोटोकॉलमध्ये नाही."

"तुमच्या प्रोटोकॉलमध्ये नसेल, आमच्या तोंडात असते."

मग दवाखान्याच्या खिडकीत बरण्या आल्या. हळदीचं पाणी, चहा, कोकमाचा आगळ, आणि प्रत्येकीत चारी मटेरियलचे तुकडे. हाताखालची अक्षदा म्हणायची, पेशंट विचारतात, मॅडमनी लोणच्याचा धंदा काढला का? एक तुकडा होता जुन्या ॲक्रिलिकचा, पावडर आणि पातळ द्राव कालवून करतात तो, ज्याच्या वासानं अर्धी डोंबिवली दातांच्या डॉक्टरला घाबरते. दुसरा बंदुकीसारख्या यंत्रातून पिळून काढायच्या पेस्टचा. तिसरा छापील, म्हणजे यंत्रानं थरावर थर देऊन उभा केलेला. आणि चौथा ठोकळ्याचा: कारखान्यातच दाबून घट्ट केलेल्या ठोकळ्यातून कॉम्प्युटरच्या हुकमानं कोरून काढलेला. हळदीच्या बरणीत छापील तुकडा हापूस आंब्यासारखा पिकला. ठोकळ्याच्या तुकड्यावर नुसती पिवळी छटा आली.

पण बरणीला दाढा नसतात. खरी परीक्षा तोंडात. बाईंनी मढवींना स्पष्ट विचारलं: तुमच्या तोंडात मी एकेक मटेरियल वापरून बघणार, तुम्ही काय होतं ते येऊन सांगायचं. आहे कबूल?

"लावा बाय. आमच्या तोंडाला सगळं चालतं. फकस्त सूर लागला पायजे."

"सुराचं मला काही कळत नाही. दातांचं बोला."

"माझा दात म्हंजे सूरच."

झालं. इथून बाईंच्या डोक्याला ताप सुरू झाला. क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात माउथपीसवर टेकतात. सगळा जोर तिथे येतो, सगळी थरथर दातांतून डोक्यात जाते. त्यामुळे मढवी प्रत्येक ब्रिज बसवला की खुर्चीतून उठायच्या आधी पेटी उघडायचे, क्लॅरिनेट जोडायचे आणि दवाखान्यात वाजवून बघायचे. पहिल्या वेळी खालच्या मजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी धावत वर आले.

"मॅडम, लग्न कुणाचं?"

"माझं," बाई म्हणाल्या. "खाली जा, आमंत्रण पाठवते."

ॲक्रिलिकचा ब्रिज पुढच्याच हळदीत मोडला. मढवी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर, दोन तुकडे चुन्याच्या डबीत घालून. बाईंनी ओरडून घेतलं, खुंट साफ केले, हिरडी बघितली, दुसरा केला. तोही थोड्याच दिवसांत गेला. मग बंदुकीतल्या पेस्टचा. तो दिसायला सुरेख होता, पण वर सूर ओढताना दोन दातांच्या सांध्यात चीर गेली. पुन्हा मढवी हजर. पुन्हा ओरडणं, पुन्हा साफसफाई.

"तुम्हाला काही दुसरं काम नाही का हो? माझं दार उघडायच्या आत तुम्ही पायरीवर!"

"बाय, तुमचा माल टिकत नाय, त्याला मी काय करू?"

त्या वेळी बाईंना हा माणूस म्हणजे कटकट वाटायची. दर थोड्या दिवसांनी ही स्वारी खुर्चीत, तोंडात पान-तंबाखूचा वास, आणि वर तक्रार. त्यांना तेव्हा कळलं नाही की त्या कटकटीमुळेच मढवींचे खुंट शाबूत होते.

माघात ठोकळ्याची पाळी आली. ठोकळा कोरायचं यंत्र कळव्याला युजीन डिमेलोच्या लॅबमध्ये. युजीन बाईंचं काम इतकी वर्षं करतोय की तो त्यांना घाबरत नाही, आणि असा माणूस डोंबिवलीत एकही नाही.

"डॉक्टर, हा ब्रिज तुटला तर माझं नाव बदला," तो फोनवर म्हणाला. "त्याच्या क्लॅरिनेटला क्रॅक जाईल, ह्याला नाय जाणार."

ब्रिज आला, बसला. मढवींनी पेटी उघडली. एक लांब सूर ओढला, मग धवल्याची एक ओळ. मग थांबले.

"आला," ते म्हणाले.

"काय आला?"

"सूर."

बाईंनी कान देऊन ऐकलं होतं. त्यांना आधीचे सगळे आवाज आणि हा आवाज सारखेच कर्कश वाटले. पण माणसाच्या डोळ्यांत पाणी बघून त्या गप्प बसल्या, जे त्यांच्या स्वभावात नाही. "हिरडी भरत आलीये," त्या म्हणाल्या. "आता माप घेऊन ठेवते. चैत्रात कायमचा बसवू. तोवर मध्ये दोनदा दाखवायला यायचं. आतलं सिमेंट तात्पुरतं असतं, ते विरघळतं, ते बदलावं लागतं. समजलं?"

मान डोलावली.

आणि मढवी गायब.

मोडलं असतं तर आले असते. मोडलंच नाही! माघ गेला, शिमगा गेला. कायमचा ब्रिज, वरून चिनी मातीचा, चकचकीत, युजीननं करून पाठवला. तो खणात डबीत पडून. बाईंनी फोन केले. "येतो बाय, एवढी हळद होऊ दे." "येतो बाय, पाहुणं आलंय." "येतो बाय, गावदेवीची जत्रा हाय." एकदा तर, "बाय, आता काय गरज हाय? झ्याक चाललंय की!"

हे वाक्य ऐकलं की डॉक्टरीणबाईंना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. चाललंय की! या एका वाक्यावर अख्खा ठाणे जिल्हा चालतो. फ्रिजखाली वीट, चाललंय की. पंख्याला दोरी, चाललंय की. मोडेपर्यंत वस्तू धड आहे, आणि धड असेपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही.

दरम्यान मंडळात बाईंचं व्याख्यान झालं. फोटो दाखवले, बरण्या दाखवल्या. ठोकळ्याला सगळ्यांत वरचा नंबर दिला. टाळ्या पडल्या. शिवानी नावाची एक नवी डॉक्टर पोरगी उठली आणि तिनं विचारलं, "मॅडम, तो क्लॅरिनेटवाला पेशंट तपासणीला आला का परत? आतले खुंट कसे होते?"

"येईल," बाई ताडकन म्हणाल्या. "सराई संपू दे."

बोलल्या, आणि बोलताना त्यांच्याच कानाला ते मढवींच्या तोंडचं वाक्य वाटलं.

वैशाखात रतन स्वतःची दाढ दुखते म्हणून आली. भूल चढेपर्यंत बाईंनी सहज विचारलं, नवरा काय म्हणतो? रतननं इकडेतिकडे बघितलं.

"बाय, ओरडू नका हां. तो दात दोनदा हालला. एकदा तर भाकरीत निघून आला."

"मग?"

"मग काय. यांनी चिकटवला."

"कशानं?"

"चपलेला लावतात ना, तो गोंद. त्या चिमुकल्या नळीतला. लगेच बसतो."

डॉक्टरीणबाईंच्या हातातला चिमटा खाली पडला. त्या काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. रतननं मात्र नंतर गावात सांगितलं की बाईला आमच्यापेक्षा जास्त शिव्या येतात.

"आज कुठे आहे तुझा नवरा?"

"आज कल्याणकडं हळद हाय. मी पण गाणार हाय. पाच वाजता रिक्षा येल."

"त्या रिक्षात मी बसणार."

आणि बसल्या. पर्समध्ये कायमच्या ब्रिजची डबी, आरसा, चिमटा. मांडवात पोचल्या तेव्हा हळद जोरात होती. सगळं पिवळं: नवरा, नवऱ्याची आई, खुर्च्या, कुणाचा तरी कुत्रा. रतननं धवला उचलला, मढवींनी लाल कोटात उभं राहून तो वाजवला, आणि कीबोर्डवाला हर्षित हात बांधून उभा राहिला. बाईंना सुरातलं कळत नाही, तरी एवढं कळलं की या घटकेला मांडवात कुणी नाचत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. ते संपेपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी मढवींना कोटाच्या बाहीला धरून मांडवामागे, मटणाच्या टोपांकडे नेलं.

"आ करा."

"बाय, हितं?"

"हितंच. आ!"

मोबाइलच्या उजेडात त्यांनी पाहिलं. ब्रिज जागच्या जागी. गोंदानं असा बसलेला की हलेना. कडेनं हिरडी लाल, सुजलेली, आणि आतून वास.

"मढवी, वरून राजवाडा आहे, आत सगळं सडतंय. उद्या सकाळी या. मी हा कापून काढते, खुंट वाचतायत तोवर वाचवते, आणि कायमचा बसवते. हा बघा, केव्हाचा तयार आहे." त्यांनी डबी उघडून दाखवली.

मढवींनी त्या चिनी मातीच्या दातांकडे असं पाहिलं, जसं कुणी परक्याच्या मुलाकडे पाहावं.

"यानं सूर नाय येनार."

"वाजवून न बघताच?"

"आमच्या साईनाथनं असेच बसवले. सॅक्सोफोन वाजवायचा. दात बसवले आणि त्याचा सूर गेला तो गेलाच."

"साईनाथ दारू पितो, असं रतननंच मला सांगितलंय."

"ते तर आधीपासून. सूर दातानंतर गेला."

"अहो, पण हे खुंट गेले तर सूर कुठे टेकवणार? हिरडीवर?"

मांडवातून मालकाची हाक आली, मढवीऽऽ. त्यांनी तिकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि पहिल्यांदाच हसले नाहीत.

"बाय, त्या पोराचा कीबोर्ड तुमी बघितला ना? एक हळद मी वाजवायला चुकलो की मालकाला रस्ता मोकळा. हा दात लागलाय, हा सूर लागलाय. मी त्याला हात लावू देनार नाय."

डॉक्टरीणबाई हटवादी आहेत, पण दगड नाहीत. तिथे टोपांच्या वाफेत उभ्या राहून त्यांनी तोड काढली. चिनी माती नको ना? नको. युजीन आत धातूचा बारीक कणा घालून, वरून ठोकळ्याचंच मटेरियल लावून कायमचा ब्रिज करील. वर्षानुवर्षं टिकेल, आणि माउथपीस टेकतं तिथे तेच मटेरियल असेल जे आत्ता आहे. पण मागच्या बाजूचा उतार बरोबर यायला हवा असेल तर माउथपीस युजीनच्या हातात पाहिजे.

"तुम्ही फक्त एवढंच करायचं. कळव्याला जायचं, युजीनला माउथपीस द्यायचं. दुसऱ्या दिवशी परत मिळेल. हळद नसेल असा वार बघा."

"माउथपीस? देऊन यायचं?"

"एक दिवस."

जणू बाईंनी किडनी मागितली.

"दुसरं नाही का तुमच्याकडे?"

"हाय. पन सूर ह्याच्यात हाय." मग मान डोलावली. "बुधवारी जातो."

बाईंनी युजीनला सांगून ठेवलं. बुधवार गेला. पुढचा गेला. युजीन फोन करून विचारायचा, "डॉक्टर, तुमचा शहेनशहा आला नाय." शीळफाट्यावरून कळव्याला रिक्षा जाते. माणूस रोज लग्नाला कल्याण, दिवा, पनवेल करत होता. कळवा तेवढं वाटेत येत नव्हतं!

ज्येष्ठात, सराईच्या शेवटच्या हळदीनंतर, रतन आली. एकटी. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि रुमालाची पुरचुंडी टेबलावर ठेवली.

"खाली पडला," ती म्हणाली. "धवल्यातच. मी ओळ गायली आणि मागून नुसती हवा आली."

ब्रिज होता. डॉक्टरीणबाईंनी तो दिव्याखाली धरला. चारी दात जसेच्या तसे. चीर नाही, टवका नाही, कडेला हळदीची पिवळी रेघ तेवढी. एवढी उत्तम वस्तू त्यांनी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. मग त्यांनी तो उलटा केला. आत दोन्ही बाजूंना दोन काळे खुंट, हिरडीपाशी मोडून आत चिकटलेले. मटेरियल पास झालं होतं. दात नापास झाले होते.

रतननं विचारलं, "बाय, आता परत बसवता येल ना?" आणि बाई तिच्यावर खेकसल्या, "कशावर बसवू? कशावर?" आणि मग स्वतःच उठून तिच्यासाठी चहा सांगितला.

पुढच्या सभेत बाई मंडळासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्या व्याख्यानातला निकाल बदलून घ्या. ठोकळ्याचा ब्रिज उत्तम आहे, पण तो फक्त परत येणाऱ्या पेशंटला द्या. बाकीच्यांना ॲक्रिलिक द्या. ते तुटतं. तुटतं म्हणून माणूस दाखवायला येतो. आपल्याकडच्या तात्पुरत्या ब्रिजचा तो सगळ्यांत मोठा गुण आहे, आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नाही. लोक हसले. बाई विनोद करत नव्हत्या. शिवानी तेवढी हसली नाही. तिनं आपल्या सगळ्या पेशंटना फोन लावायला घेतले, असं नंतर कळलं.

मढवी आता लाल कोटातच असतात, पण हातात खुळखुळे. मालकानं काढलं नाही, एवढीच मेहेरबानी. धवला रतन एकटीच गाते. हर्षित कीबोर्डवर साथ करायला गेला होता, बायका हसल्या, आता तोही हात बांधून उभा राहतो.

संपली गोष्ट. आता पुन्हा तुम्ही, मढवी, आणि मी.

सगळं गेलेलं नाही. मोडलेली मुळं काढली ती जागा भरून आली आहे, हे मी रतनसोबत तुम्हाला ओढून आणलं तेव्हा पाहिलं. काढघालीची दातांची पट्टी करता येते. टाळूला नीट धरेल अशी, समोरचे दात ठोकळ्याचेच, आणि मागचा उतार तुमच्या माउथपीसच्या मापाचा. वाजवताना लावायची. सूर येईल का? मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही. पण येणारच नाही हे तुम्हालाही माहीत नाही, आणि साईनाथचा दाखला मला देऊ नका.

रतन सांगते, तुम्ही रोज सकाळी पेटी उघडता, माउथपीस पुसता आणि पेटी परत बंद करता. माउथपीस दिलं आणि तरी सूर नाही आला तर काय, असं तिला म्हणालात म्हणे.

तुळशीचं लग्न पुन्हा तोंडावर आलंय. युजीननं पट्टीचं मेण लावून ठेवलंय, ते वाळून दोनदा बदललं. काल तो म्हणाला, "डॉक्टर, शीळफाटा ते कळवा, एवढं काय लांब आहे?" मी त्याला म्हटलं, आज विचारते.

कळवा नाका, पुलाच्या अलीकडे उतरायचं, औषधाच्या दुकानाशेजारचा जिना. वर गेलं की डाव्या हाताचं दार. युजीन सकाळपासून तिथेच असतो. माउथपीस त्याच्या हातात द्यायचं आणि निघायचं, एवढंच काम होतं.

अजून ते पेटीतच आहे.